पेन्सिल थांबली ते पान

प्रिय खारू,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू माझं म्हणणं दोन वाक्यांत ओळखतेस आणि मग माझी बोबडी वळते, म्हणून कागद घेतला. सकाळपासून चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले. एकदा कप विसळला, एकदा खिडकी पुसली, एकदा उगाच दाराची कडी बघून आले, आणि एकदा तर विसळलेलाच कप पुन्हा विसळला. आता बसलेय ती उठणार नाही.

आधी बातमी. लॅबमधलं माझं टेबल जाणार. रक्ताचे रिपोर्ट टाइप करायचे, आकडे दोनदा ताडून बघायचे, सही घेऊन पाकिटात घालायचे, ही माझी अकरा वर्षांची मिरास आता मशीन परस्पर उरकणार. आकडे थेट वेबसाइटवर जाणार आणि लोक घरबसल्या बघणार. ती वेबसाइट सांभाळणारा आमचा दाढीवाला दोन महिन्यांनी दुसरीकडे चाललाय. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना बोलावून सांगितलं, बाहेरून माणूस शोधत बसण्यापेक्षा तुमच्यातलं कुणी जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबसाइट चालवायची भाषा, शिकणार असेल तर त्याची जागा तुम्हाला. जागा एकच. सहा आठवड्यांनी परीक्षा, पुस्तक तुम्ही निवडा, लॅब घेऊन देईल. रक्त काढणारे दोघं छताकडे बघायला लागले. हात वर गेला तो माझा! गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी पळून येणारी मी, आणि हात वर.

तर पुस्तक. अगं, दुकानात नवशिक्यांची अख्खी भिंत आहे. एक उशीएवढं जाड. एकावर माकडाचं चित्र, आणि आत दर दोन पानांनी 'चला, मजा करू या'. मला कुठे मजा करायचीय, मला पोट भरायचंय. एक म्हणतं एकवीस दिवसांत येईल, शेजारचं म्हणतं सात दिवसांत, आणि दोन्ही एकाच माणसानं लिहिलेली! मी एक काढायचे, दोन पानं चाळायचे, परत ठेवायचे. दुकानदारानं विचारलं, मुलासाठी हवंय का. मी म्हटलं, हो. मला खोटं बोलणं किती सहज जमतं बघ.

तिथून हात हलवत निघाले ती चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. म्हाताऱ्यानं सहा-सात पुस्तकांचा गठ्ठा धूळ झटकून पुढ्यात आपटला. जुन्या पुस्तकात एक गोष्ट कळते, ती नव्यात नाही कळत, आधीच्यानं कुठे हात टेकले ती. पहिल्या पानांवर नुसता उत्साह, रेघा, बाण, समासात उद्गारचिन्हं. मग रेघा विरळ होतात आणि एका पानानंतर पुस्तक कोरं करकरीत. एक जण तिसाव्या पानावर गारद, एक अठ्ठावन्नाव्या. मी तिथेच स्टुलावर बसून एकेकाचं शेवटचं पान शोधलं आणि ठरवलं, ज्यात पेन्सिल सगळ्यात लांब गेलीय ते पुस्तक चांगलं. म्हातारा म्हणाला, बाई, जन्म गेला पुस्तकं विकण्यात, पण असं निवडताना कुणाला पाहिलं नाही. सगळ्यात लांबची पेन्सिल शहात्तराव्या पानापर्यंत पोचली होती. ते घेऊन आले.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यावर बसले. पडद्यावर माझं नाव उमटवायचं, बस, एवढंच. पडदा ठार पांढरा! पुस्तकात आहे तसंच्या तसं लिहिलंय, तरी पांढरा. शेवटी दाढीवाला आला, वाकून बघितलं आणि एक कंस बंद केला. एक कंस, खारू. उमटलं. मी हात धुवायला म्हणून गेले आणि नळ सोडून रडले. या वयात एका कंसानं रडवावं म्हणजे काय!

आता जरा खरं सांगते. म्हाताऱ्याच्या स्टुलावर बसले होते तेव्हाच मला माहीत होतं, शहात्तराच्या कितीतरी पुढे गेलेली एक पेन्सिल आहे. माझ्याच कपाटात, जाड पांघरुणांच्या खाली. निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरा चहानं डागलेला. हो, तेच. ओरडू नकोस, पुढे वाच.

कंसानं रडवलं त्या संध्याकाळी ते काढलं आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले. पुस्तकातलं नाही, समासातलं. व्हेरिएबलपाशी तू लिहिलंयस, 'हा ताईच्या स्वयंपाकघरातला डबा. वर लिहिलंय साखर, आत मीठ. झाकण उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये.' मी मोठ्यानं हसले आणि मला ते समजलं, पहिल्यांदाच! फंक्शनपाशी लिहिलंयस, 'फंक्शन म्हणजे मी. ताई नुसती नावानं हाक मारते, आतलं सगळं काम माझं.' तिथे मात्र हसू आलं नाही. एकशे बाराव्या पानापर्यंत समास गच्च भरलेत, आणि तळाला बारीक अक्षरात 'पुढचं उद्या'. तो उद्या मला आठवतो. पहाटे आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. दोनच महिने जा, मी म्हटलं, माझी नोकरी अजून कच्ची आहे. तू दोन कपडे पिशवीत कोंबून निघालीस. त्याला नऊ वर्षं झाली.

पुस्तक मी दाढीवाल्याला दाखवलं. पाच-सहा पानं चाळून हसला, म्हणाला, फार जुनं आहे, आता असं कुणी लिहीत नाही. मग समास वाचायला लागला आणि हसायचा थांबला. हे कुणी लिहिलंय, म्हणाला, पुस्तक शिळं झालंय, पण या बाईला आतलं कळलंय. आणि माझ्या हातातून घेऊन सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. मी मागून धावले. बाईंनी चष्मा वर करून वाचलं, फंक्शनच्या पानावर माझ्याकडे एकदा बघितलं. मी एका दमात म्हणून टाकलं, परीक्षेला मी नाही, ही बसेल. त्या म्हणाल्या, बसू दे. पण परीक्षा तीच, सूट नाही. चार आठवडे उरलेत.

त्याग वगैरे काही नाहीये हा, तोंड वाकडं करू नकोस. मला हे येणार नाही, आणि माझं टेबल तसंही जाणारच. काल तू बाहेर गेली असताना आईशी बोलले. म्हटलं, आता मी येते तुझ्याजवळ. ती म्हणाली, तुला माझे केस तरी नीट विंचरता येतील का? मग म्हणाली, खारू शब्दकोडं सोडवते ना, पेन्सिल अजून कानामागेच अडकवते.

आणि आता ते, ज्यासाठी चार वेळा उठले. पुस्तक हरवलं नव्हतं. तू गेल्यावर दोन महिन्यांनी फोन केलास, ताई, माझं निळं पुस्तक पाठव, दुपारी आई झोपते तेव्हा वाचीन. तेव्हा ते माझ्यासमोर टेबलावर होतं. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, सापडत नाही गं. त्याच आठवड्यात मला कायम केलं होतं. ते तुझ्या हाती पडलं असतं तर तू पुढे शिकली असतीस, परत आली असतीस, आणि आईजवळ मला जावं लागलं असतं. इतकं साधं होतं ते. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, आणि मी दर थंडीला पांघरुणं काढताना ते हातानं बाजूला करत राहिले. माफ कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भांडायचं असेल तर पोटभर भांड, पण ये. शनिवारी मी आईकडे पोचते, सोमवारी तू इकडे. चावी खालच्या शिंपिणीकडे आहे. निळं पुस्तक या पत्रासोबत पाठवलंय, ते तुझं आहे. त्याचीच नवी आवृत्ती लॅबनं घेतलीय, ती इथे टेबलावर आहे. तुझं एकशे बारावं पान त्यात एकशे एकोणतिसावं झालंय. मी शोधून तिथे पेन्सिल ठेवलीय, टोक काढून.

तुझीच,
मिठाच्या डब्यावर साखर लिहिणारी
ताई