ग्रेसीची पाटी आणि अर्धवट केमिस्ट्री

२४ ऑक्टोबर, सकाळी ७
ज्युली येऊन गेली. ग्रेसीची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण. ग्रेसीच्या क्रुसावरची गंजलेली नावाची पाटी उतरवून आणली होती. दोन नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. त्याआधी आमच्या गिरीज गावात बऱ्याच पाट्या उतरतात आणि रंगून परत लागतात. म्हणाली, पेंटरला दे. पेंटर कशाला? सव्वीस वर्षं दहावीला केमिस्ट्री शिकवतोय. गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड. त्याला ॲसिड दाखवलं की क्षार आणि पाणी. गंज जाणार, नाव राहणार. उद्याच करतो.
ग्रेसीला पुरल्यापासून वर्षभरात एकदाही सिमेट्रीत का आला नाहीस, असंही तिने विचारलं. क्लास असतात.

२५ ऑक्टोबर
नाही झालं. घरात व्हिनेगरची एकच बाटली. ग्रेसीने ताडीपासून केलेली, शेवटची. बूच घट्ट आहे.
क्लासला आयनिक बंध घेतला. सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, मग दोघं एकमेकांना धरून राहतात. किंजलने विचारलं, सर, नंतर क्लोरीन निघून गेला तर सोडियमला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळतो का? पोर्शनमध्ये नाही म्हणून सांगितलं.

२७ ऑक्टोबर, सकाळी ११
बूच काढलं. परातीत पाटी, वर अख्खी बाटली. बारीक बुडबुडे येतायत. उत्तम. डोळ्यांना पाणी आलं. ॲसिटिक ॲसिडची वाफ, बाकी काही नाही.

२८ ऑक्टोबर, दुपार
घरभर वास. ग्रेसी लोणचं घालायला बसली की यायचा तसा. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. असणार कोण? व्हिनेगर उडून हवेत मिसळतंय. भौतिक बदल, नवा पदार्थ तयार होत नाही. तिसऱ्यांदा जाताना तोंडातून 'आलो गं' निघालं. सवय.
पाटी बघितली नाही. रिॲक्शन पूर्ण होऊ द्यावी.

३० ऑक्टोबर
किंजल पुन्हा. गंज संपला की ॲसिड लोखंडालाही खातं ना सर? विस्थापन अभिक्रिया, हायड्रोजन निघतो, तुम्हीच नोट्समध्ये दिलंय. तिला गप्प बसवलं. क्लास दहा मिनिटं आधी सोडला.
गंज शंभर टक्के गेला. खालचं लोखंडही थोडं गेलं, त्यामुळे रंग सुटला आणि अक्षरं सालपटांसारखी परातीच्या तळाशी बसली. बोट लावलं तर विरली. तत्त्व माझं बरोबर होतं, वेळ चुकली.

१ नोव्हेंबर, दुपारी ४
पेंटर म्हणाला, आज शक्य नाही, आठवडाभर आधी यायचं. हरकत नाही. ऑइल पेंट आणि ब्रश आणला. नाव लिहायला बसलो ते दोन तास. पत्रा कोराच. पाठीमागे कोणीतरी उभं राहून माझा हात बघतंय असं सारखं वाटतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिवे मात्र सगळे लावलेत.

२ नोव्हेंबर, दुपार
गेलो. सकाळी मिस्साच्या प्रार्थनेआधी, गर्दी नसताना. पाटी नसलेला क्रूस दिसला, लगेच ओळखला. मेणबत्त्या लावल्या. गुडघ्यावर बसून कोरा पत्रा दाखवला. सगळं सांगितलं. तुझी शेवटची बाटली मी ओतली, तुझं नाव मी घालवलं. आलो नाही, कारण आलो असतो तर तू इथे आहेस हे मानावं लागलं असतं. घरात तुझा वास येतो तेव्हा मला भीती वाटते, आणि गेला की जास्त वाटते. अर्धा तास रडलो. यावेळी वाफ नव्हती.
उठलो तर मागे ज्युली उभी. किती वेळ, कोण जाणे. हळू आवाजात म्हणाली, ही जागा मायकलची आहे. त्याची पाटी अजून पेंटरकडेच आहे. ग्रेसी चार ओळी पलीकडे, भिंतीजवळ.
तिकडे गेलो. पुन्हा गुडघ्यावर बसलो. पण सांगायचं होतं ते सगळं मायकलला सांगून झालं होतं.