कोपराची पट्टी

अप्पा, तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, "आता कसलं पिक्चर बघालीस गे?" सगळी बघते. मारामारीची, उडणाऱ्या माणसांची, खेळांची, जे लागेल ते. थिएटरात बघते, घरी सोफ्यावर बघते, ऑफिसातून एचएसआरला घरी परतताना कॅब ट्रॅफिकमध्ये अडकली की फोनवर बघते. आणि एकावरही विश्वास ठेवत नाही. इथं बेंगळुरूत माझी नोकरीच ती आहे. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम "एकदम ओके आहे मॅडम" म्हणून माझ्याकडं येतो आणि तो कुठं ओके नाही हे मी शोधायचं. संशय घ्यायचा पगार मिळतो म्हणा की. तुमचा जावई म्हणतो, तुझ्यासोबत पिक्चर बघणं म्हणजे पोलीस चौकीत बसणं. तो पुण्याचा, त्याला बोलायला काय जातंय!

आज रविवार. जे. पी. नगरच्या बॅडमिंटन अकादमीत, पालकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसून हे लिहितेय. समोरच्या कोर्टवर तुमची नात खेळतेय. तुम्ही तिला बघितलं नाहीत. चौदा वर्षांची आहे, उंचीला तुमच्यावर गेलीय आणि हट्टाला माझ्यावर. राज्याच्या शिबिरासाठी बारा मुली निवडायच्या होत्या, दोन वर्षं तिनं दुसरा ध्यास घेतला नाही. गुरुवारी संध्याकाळी कोचचा मेसेज आला. बारा नावं होती, तिचं नव्हतं. खाली लिहिलं होतं, सोमवारी यादी बोर्डावर लावतोय, तोवर ज्यांचं नाव नाही त्यांना घरी तुम्हीच समजावून सांगा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायला आणि ती आत यायला एकच गाठ. "आई, लिस्ट आली काय?" मी म्हटलं, "अजून नाही." शुक्रवारी विचारलं, नाही. शनिवारी विचारलं, नाही. उद्या सोमवार आहे, अप्पा.

म्हणून तुमची आठवण. खोटं बोलायची वेळ आली की मला तुमची आठवण येते, हे वाचून वाईट वाटेल, पण खरं आहे.

आधी पिक्चरचं सांगते, ते सोपं आहे. मारामारी चालू असताना कॅमेरा फार हलायला लागला की समजावं, नटाला हात उचलता येत नाही. हिरो पाठमोरा झाला रे झाला की तो हिरो नव्हे, दुसराच कोणीतरी बिचारा आहे, उडी मारणारा, ज्याचं तोंड आपल्याला कधीच दिसणार नाही. मी त्याच्या मानेवरचे केस बघते. वीस गुंड हिरोला घेरून उभे असतात आणि एकेकजण येतो, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. बाकीचे एकोणीस काय करतात? मी त्यांच्याकडंच बघत बसते. मागच्या रांगेतला एकजण परवा चक्क नाक खाजवत होता.

ती चित्रांच्या पुस्तकांतनं आलेली, अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारी मंडळी, त्यांच्याबद्दल तर बोलूच नका. आमच्या टीममधला एक नागपूरचा पोरगा त्यांचा भक्त आहे. परवा तो डोळे पुसत म्हणाला, "तो मेला ना ताई!" मी म्हटलं, प्रेत बघितलंस काय? नाही ना? मग मेला नाही. पुढच्या भागाला येतंय बघ. आलाच. त्या दुनियेत कोणी मरत नाही, शेवटची नावं सरकून गेली तरी लोक खुर्चीला चिकटून बसतात, कारण शेवटाच्या मागं आणखी एक शेवट असतो. अख्खं शहर पाडतात, आणि ते शहर झाडून कोण काढतं हे एकाही पिक्चरमध्ये दाखवलेलं नाही. आणि खेळांची पिक्चरं! त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय. शेवटचा पॉइंट आला की सगळं संथ होतं, घाम सुद्धा सावकाश गळतो, आणि तेवढ्या वेळात मी फळ्यावरचे आकडे बघते. दहातल्या चार वेळा आकडे चुकलेले असतात. ते कुणाला दिसत नाहीत, कारण सगळ्यांना तो जिंकायला हवा असतो.

हे बघायला मला कोणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गावच्या टॉकीजमध्ये तुम्ही ऑपरेटर, आणि रविवारी दुपारच्या खेळाला तुमचा जेवणाचा डबा घेऊन मी मशीनच्या खोलीत. खोलीत उकाडा, मशीनची खडखड, आणि फिल्म जोडायच्या औषधाचा तो वास, अजून माझ्या नाकात आहे. भाकरी मोडता मोडता तुम्ही सांगता, "पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका येतोय बघ. आला? आता रीळ बदलायचं." खाली आठशे माणसं बसलेली, एकालाही तो ठिपका दिसत नाही, आणि मला दिसतो. केवढा माज होता मला त्याचा!

मी नऊ वर्षांची असताना ते पैलवानाचं पिक्चर लागलं. गावात तीन तालमी, त्यामुळं पहिल्या खेळाला सगळे पैलवान पुढच्या रांगांत. हिरो आख्खं पिक्चर घाम गाळतो, कोपर दुखावतो, त्याला पांढरी पट्टी बांधतो आणि शेवटच्या कुस्तीत हरतो. हरतो म्हणजे चीतपट. पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्या राहिल्या नाहीत. मालक धापा टाकत जिना चढून वर आले आणि म्हणाले, "ऑपरेटर, संध्याकाळच्या खेळाला हा जिंकायला पाहिजे."

आणि तुम्ही त्याला जिंकवलंत. शेवटची कुस्ती रंगात आली की तिथं कात्री, हरणं काढून टाकलं, आणि पिक्चरच्या मधली, त्यानं गावच्या जत्रेत मारलेली कुस्ती आणून तिथं जोडलीत. जोड असला सफाईदार की कुणाला कळलं नाही. शिट्ट्या, फेटे उडाले, तीन आठवडे टॉकीज फुल्ल. पण जत्रेतल्या कुस्तीच्या वेळी त्याचा कोपर दुखावला नव्हता ना, अप्पा. रविवारी मी डबा घेऊन आले, मालक शेजारीच उभे होते, आणि मी भोकातनं पडदा बघत मोठ्यानं विचारलं, "अप्पा, त्याच्या कोपराची पट्टी कुठं गेली?"

मालक हसले नाहीत. म्हणाले, "पोरगी हुशार आहे गा तुझी. उद्या गावभर सांगत फिरेल." आणि तुम्ही माझ्या गालावर मारलंत. "पिक्चर बघायचं. पट्टी बघायची नाही." मी रडत खाली गेले, आणि पुढच्या रविवारपासून डबा न्यायचं काम आईकडं गेलं. नोकरीची भीती होती तुम्हाला, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की मी बरोबर होते आणि म्हणून मार खाल्ला. त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या पट्ट्या बघत आले. तुमच्या तर जास्तच. तुम्ही "पगार झाला" म्हणालात तरी मी आईच्या तोंडाकडं बघायची. "डॉक्टर म्हणाले, काही नाही" असं म्हणालात तेव्हाही मी विश्वास ठेवला नाही, आणि तेव्हा मात्र, मेलं, माझंच बरोबर निघालं.

मी बेंगळुरूला नोकरीला निघाले त्या दिवशी स्टँडवर तुम्ही हिंगाची एक रिकामी डबी माझ्या हातात दिलीत. "उजेडात बघ," एवढंच म्हणालात. बसमध्ये उघडली तर फिल्मचे काळे तुकडे. माझा असा संताप झाला! माझ्या मैत्रिणीला तिच्या वडलांनी घड्याळ दिलं होतं, आणि मला हा टॉकीजमधला कचरा. डबी सुईदोऱ्याच्या डब्यात टाकली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. डबी चार घरं फिरली, सुया बदलल्या, दोरे बदलले. आयुष्यभर ज्याच्यात्याच्यावर संशय घेणारी मी, त्या डबीत काय आहे असा संशय मला एकदाही आला नाही.

काल दुपारी घरी पोरगी तोंड पाडून बसली होती. म्हटलं चल, पिक्चर लावू. शोधता शोधता तेच सापडलं, आपलं पैलवानाचं, धुऊन पुसून नवं केलेलं. मी जन्मात त्याचा खरा शेवट बघितला नव्हता. तिला सगळी गोष्ट सांगत सांगत बघितलं. तो हरला. मातीत पाठीवर पडला, आणि जिंकलेल्यानं हात पुढं करून त्याला उठवलं. दोघं मातीनं माखलेले, आणि हा हरलेला हसतोय. खोटं सांगत नाही, त्या एका शेवटात मला कुठंही खोट सापडली नाही.

"अय्यो, एवढा चांगला शेवट आजोबांनी का कापला?" ती म्हणाली.

"लोक खुर्च्या मोडत होते गे."

तिनं थोडा विचार केला. "सरी, ठीक आहे, लोकांसाठी कापला. पण तुला तर सांगायचं की. तू काय खुर्ची मोडणार होतीस?"

मी उठून सुईदोऱ्याचा डबा काढला. डबी गंजलीय, झाकण तिनंच चमच्यानं उघडलं. तुकडे घेऊन आम्ही दोघी बाल्कनीत उन्हात उभ्या राहिलो. सहा तुकडे. पडलेला पैलवान, पुढं आलेला हात, उठतानाचा तो. आणि प्रत्येक तुकड्यात, अप्पा, कोपर समोर आणि कोपराला पांढरी पट्टी. ज्यांत पट्टी दिसते नेमके तेवढेच तुम्ही निवडून ठेवले होते. त्या रविवारपासून स्टँडपर्यंत तेरा वर्षं हे कुठं जपून ठेवलं होतं तुम्ही? तोंडानं सांगायला काय झालं होतं? आणि मला तरी उजेडात धरायला काय झालं होतं? बाल्कनीत उभी राहून मी हमसून रडले. पोरगी म्हणाली, "आई, स्वल्प पाणी पी." तिनंच आणून दिलं. आणि मग त्याच बाल्कनीत तिनं विचारलं, "लिस्ट आली काय?" आणि मी, तुमची लेक, हातात ते तुकडे धरून म्हणाले, "अजून नाही."

इथवर लिहिलं आणि खेळ संपवून ती आली. टॉवेल मानेवर, बाकावर धपकन बसली. यावेळी तिनं विचारलं नाही. मी फोन उघडून तिच्या हातात दिला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं. परत वरपासून वाचलं. मग म्हणाली, "आई, हा गुरुवारचा मेसेज आहे."

मला वाटलं होतं ती आधी नाव शोधेल, रडेल. आणि ही तारीख बघतेय! माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. नेटवर्क नव्हतं, बघायचं राहिलं, ऑफिसची गडबड. "मेसेज बघायचा, तारीख बघायची नाही," असं म्हणायला सुद्धा मला वेळ लागला नसता.

"होय, गुरुवारचाच आहे," मी म्हटलं. "मी लपवला. तू बरोबर पकडलंस."

मग ती रडली. चांगली अर्धा तास रडली, टॉवेलात तोंड घालून, आणि माझ्यावर चिडलीही, "मी काय लहान आहे काय?" म्हणून दोनदा ओरडली. शेजारचे पालक बघत होते, बघू देत. आता बाहेरच्या दर्शिनी हॉटेलासमोर उभी राहून इडली खातेय, माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या वाटणीची चटणी तिनंच संपवली. खुर्ची एकही मोडली नाही. हरणं बघवत नव्हतं ते तिला नव्हे, मला.

हे पत्र कुठं धाडणार? घडी करून त्या डबीत घालावं म्हटलं तर मावत नाही. वहीतच राहू दे. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी गालाला काही लागलं नव्हतं, अप्पा. तुम्ही मालकाला दिसेल एवढंच मारलं होतं, आणि हात मागं घेताना माझ्या केसांवरून फिरवला होता. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मैत्रिणींना सांगितली, काल पोरीलाही सांगितली, पण तुमचा तो हात कुणालाच सांगितला नाही. तेवढं मीच कापलं होतं.