कूलरचा झटका

मंगळवार, मे. संध्याकाळ.

कूलरमध्ये पाणी भरताना आज सुनंदाला झटका बसला. बादलीसकट मागे पडली. वाचली, एवढंच. किती दिवस सांगत होती, "अहो, कूलरले हात लावला की झिणझिण्या येऊन राहिल्या." आणि मी, रोज कारखान्यात लोकांना अर्थिंग तपासायला लावणारा, काय म्हणालो? "चप्पल घालून भरत जा."

चप्पल! बायकोला हे सांगितलं मी?

पंपाची सोललेली वायर बदलली, तुटलेलं अर्थिंग जोडलं. अर्ध्या तासाचं काम. काहून नाही केलं आधी?

टेस्टर लावून दाखवला, म्हटलं, आता भीती नाही. तिने टेस्टरकडे पाहिलं. मग मुलीला हळूच म्हणाली, "तू नको जाऊ वं कूलरजवळ."