निळी खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार
द्रौपदीमावशीला काल पुरलं. तिची मुलगी वनमाला माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ‘तुझी साक्ष ऐकूनच आईने साखरेचं इंजेक्शन बंद केलं गं. विश्वासातच देवाघरी गेली.’ चांगल्या मनाने म्हणाली.

साक्ष खोटी होती. डिसेंबरात आमच्याच खोलीत पास्टरकाकांच्या प्रार्थनेला सगळे बसलेले. मी उभी राहिले — येशूने माझ्या फिट बंद केल्या, गोळ्या फेकून दिल्या! कुठल्या फेकल्या? तांदळाच्या डब्यात आहेत. रोज घेते. पण टाळ्या वाजल्या, बरं वाटलं. आईशी, शाळेत, लग्नाआधी मिथुनशी — सगळं आयुष्य खोटंच बोलले. त्याने कोणी मेलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
दिपू दाराजवळच्या निळ्या खुर्चीशी बोलते. प्रार्थनेला मावशी तिथेच बसायची. अडीच वर्षांची पोर माझी. आज खुर्चीवर बिस्किट ठेवलं, म्हणे मावशी, खा. मी खुर्ची गॅलरीत टाकली. भांडी घासून येते तर परत दारात. मिथुन कामावर होता.

६ फेब्रुवारी
दिपूच्या हातात गोळ्यांचं पाकीट! डबा वरच्या फळीवर, मलाच स्टूल लागतं.
‘कोणी दिलं गं?’
‘मावशीने. आईला दे बोलली.’
मावशी, मला कशाला गोळी देतेस? प्रभू, मला माफ कर. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी
पास्टरकाकांना सांगून आले, रविवारी सगळ्यांसमोर कबूल करते. म्हणाले, देवाजवळ कर, पुरे. लोकांचा विश्वास डळमळेल. मग हळूच म्हणाले, ‘तू गोळ्या घेतेस हे मला डिसेंबरातच माहीत होतं. मी गप्प बसलो ना? तू पण बस.’
मिथुनला सगळं सांगितलं. म्हणाला, बोल तू, मी बाजूला उभा राहतो.

९ फेब्रुवारी, रविवार
बोलले. फक्त माझं. काकांचं नाव नाही घेतलं.
वनमालाने पर्स उचलली, निघून गेली. चप्पल उलटी घातली होती तिने. हलकं वाटेल वाटलेलं. नाही वाटलं.
म्हातारे सुबोधकाका मागून म्हणाले, ‘म्हणजे पोरी, माझ्या प्रेशरच्या गोळ्या परत चालू करू?’
हो काका. आजच.

१० फेब्रुवारी
दिपू खुर्चीकडे बघतच नाही. विचारलं, मावशी कुठे गेली?
म्हणाली, ‘पास्टरकाकांच्या घरी.’