घाटाआधीचा उपास

पुणे, १ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पांस,
मोनिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इथं सायकलच्या शिबिरात सगळ्यांचे फोन जमा करून घेतलेत. चौदा तारखेची चाचणी झाल्यावरच मिळतील, म्हणून हे पत्र रणधीर काकांच्या एसटीनं पाठवते. त्या दिवशी आम्हाला एकेक करून घाटात सोडणार. सगळ्यांत कमी वेळात चढणाऱ्या दोघी वर्षभर इथं राहणार, बाकीच्या घरी जाणार.

अप्पा, मला चैन पडत नाही. वाटलं होतं, रोज जीव तोडून सायकल मारायची. पण आमच्या प्रशिक्षक भैरवी मॅडम बहुतेक दिवस हळू चालवायला लावतात. इतकं हळू की शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. काल सायकलला दुधाचे कॅन लावलेला एक बाबा मला मागं टाकून गेला आणि वर हसला. मॅडम सांगतात, अशानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. जोराचे दिवस आठवड्यात दोनच. डोक्याला पटतं, पायांना पटत नाही.

परवा घट बसतील. आईचं खड्यांचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही, डॉक्टरांनी उपास नको म्हणून बजावलंय, आणि ती ऐकणार नाही हे मला इथून दिसतंय. तिला सांगा, घरातला नवरात्राचा उपास यंदा मी इथं धरते. तिनं निवांत जेवावं. यात माझाही फायदा आहे. चढावर पायातली ताकद भागिले अंगाचं वजन, एवढंच गणित असतं. वजन उतरलं की वेग वाढलाच. मॅडमना सांगितलेलं नाही.

आईला नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.
मोनिका

जळकोट, ३ ऑक्टोबर

चि. मोनिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. आधी फुगून बसली. हा उपास तिला तिच्या सासूनं दिलेला, तो पोरीला असा पत्रातून कसा द्यायचा, म्हणाली. मग डोळे पुसले आणि घट बसवल्यावर अर्धी भाकरी खाल्ली. लग्नानंतर नवरात्रात तिला जेवताना मी आज पहिल्यांदा बघितलं.

मला यातलं काही विचारू नको. नवरात्रात तुळजापूर डेपोत माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. कंडक्टरचा उपास म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये मिळेल तो वडापाव. पण तुझं गणित मला पटलं. रिकामी गाडी घाट झपझप चढते, भरलेली कण्हत चढते, हे मी रोज बघतो. तेव्हा कर, पण दूध-केळी सोडू नको.

काळजी घेत जा, आमचा जीव तुझ्यात आहे.
तुझे अप्पा

पुणे, ७ ऑक्टोबर

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

पहिले दोन दिवस मी हवेत होते. वजन उतरत होतं, चढ हलका वाटत होता. काल जोराचा दिवस होता. चार-चार मिनिटं जीव काढून चढायचं, मध्ये दम घ्यायचा, पुन्हा चढायचं. तिसऱ्या खेपेला माझे पाय संपले. दुखले नाहीत, संपलेच. मी सायकलवरून उतरून कठड्याला टेकले.

सकाळी उठल्यावरची नाडी वाढली आहे. मॅडमना वाटलं, सराव जास्त झाला. त्यांनी दोन दिवस विश्रांती दिली. म्हणाल्या, वेग सायकलवर वाढत नाही, झोपेत वाढतो, आणि त्या दुरुस्तीचं सामान जेवणातून येतं. झोप, पाळी, घरची काळजी, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून. पंगतीत माझी चपाती शेजारणीच्या ताटात सरकवते आणि जेवल्याचं दाखवते. झोप लागत नाही. दिवसभर नुसती इकडून तिकडं येरझाऱ्या घालते.

खाल्लं तर आई स्वतः उपाशी राहील. नाही खाल्लं तर घाट चढणार नाही. मी काय करू?

रागावू नका.
मोनिका

जळकोट, ८ ऑक्टोबर

चि. मोनिकास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी डेपोत उभ्या उभ्या वाचलं. त्यानंतर दोन प्रवाशांना चुकीची तिकिटं फाडली. गाडीचं उदाहरण देणारा मी, माझीच अक्कल कुठं गेली होती कोण जाणे.

तू नको म्हणालीस तरी तुझ्या आईला सांगितलं. तिनं समोरचं ताट उचलून ठेवलं आणि म्हणाली, "माझा उपास मला परत द्या." माझ्या तोंडातून निघून गेलं, "उपास म्या धरतो, तू जेव." ती माझ्याकडं बघतच राहिली आणि ऑपरेशनपासून पहिल्यांदा हसली. म्हणाली, तुम्ही व्हय? लई बघितलंय तुम्हाला. पण ताट परत खाली घेतलं.

तेव्हा आज सहाव्या माळेपासून उपास माझ्याकडं. घरातला उपास घरातच आहे. तू आत्ताच्या आत्ता मॅडमकडं जा, खरं सांग आणि जेव.

मनाला लावून घेऊ नको, आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत.
अप्पा

जळकोट, १३ ऑक्टोबर

चि. मोनिकास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं अक्षर तुला लागेल का, ते बघ. मी बरी आहे, जेवते आहे. पण तुझ्या अप्पांचं काय करू? दूध-केळ्यावर गर्दीच्या गाड्या केल्या. काल दसरा झाला, उपास सोडायचा दिवस. मी पुरणपोळी केली. हे ताटावर बसले आणि तसेच उठले. म्हणतात, पोरीचा घाट झाल्याशिवाय घास उतरत नाही. देवीचा उपास संपला, हा कुणाचा ते मला कळेना.

हे पत्र तुला घाटानंतरच द्यायचं, असं रणधीर भाऊजींना बजावलं आहे.

जपून राहा बाळा.
आई

पुणे, १५ ऑक्टोबर

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन मिळाला आहे, पण हे फोनवर बोलता येणार नाही, रडू येईल.

निवड झाली नाही. चौथी आले. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मॅडमना सगळं सांगितलं होतं. खूप बोलल्या, मग स्वतः समोर बसून वरण-भात खाऊ घातला. पाय परत आले होते, पण पुरते नाही. शेवटच्या वळणाला मला माहीत होतं की आता उरलेलं नाही, तरी थांबले नाही. मॅडम म्हणाल्या, जानेवारीत पुन्हा चाचणी आहे, ये, पण जेवून ये. राग येतो, माझाच येतो. कालपासून कुठं बसावंसं वाटत नाही.

आईचं पत्र काल घाट उतरल्यावर मिळालं. अप्पा, घाट झाला. हरले, पण झाला. आता तुम्ही कशासाठी थांबला आहात?

हे पत्र रणधीर काकांच्या सकाळच्या गाडीनं पुढं पाठवते, मी दुपारच्या गाडीनं निघते. यायला रात्र होईल. माझी वाट बघत बसू नका, जेवून घ्या.

तुमचीच,
मोनिका