लाल टिकलीच्या वर

कोचाबांबा, मंगळवार

आदरणीय सातुर्निनो दाजी यांस,

इस्पितळाच्या अकरा चाकखुर्च्या, शवागाराच्या दाराची कडी, आईच्या कवळीची तार आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव करायची पेटी, एवढं सगळं (शाळा सहावीत सोडून) स्वतःच्या हातांनी घडवलेल्या तुमच्या मेहुण्याचा, पोटाला चार टाके असल्यामुळे वाकून नव्हे, बसूनच नमस्कार. ताई कशी आहे? तुमचं पोट काय म्हणतं?

पेटी तुम्ही पाहिलेली नाही. पावाच्या डब्याचा पत्रा, लांबी अडतीस सेंटिमीटर (ताईला चाळीस सांगितलं असेल, तर ते कडा धरून). वर दोन भोकं, आत काचेमागे जुन्या मोबाइलचा कॅमेरा, बाहेर पडदा. भोकांतून लांब चिमटे घालायचे आणि पडद्याकडे बघत आतलं द्राक्ष सोलायचं. डॉक्टर येस्मिन कोल्के दोन वर्षं रोज दुपारी माझ्याकडे द्राक्षं सोलत होत्या. मी शेजारी बसून म्हणायचो, "बाई, साल काढा, जीव काढू नका." पेटी नवी असताना कार्निव्हलच्या मंगळवारी मी रीतीप्रमाणे तिच्यावर मक्याची दारू, चिचा, शिंपडली, कागदी टिकल्या उधळल्या. त्यातली एक लाल टिकली आतल्या काचेला, खाली डाव्या कोपऱ्यात चिकटली, आणि पडद्यावरही तिथंच दिसू लागली. धरणीमातेचा प्रसाद, तो खरवडायचा कसा? उलट मी नियमच करून टाकला: टिकलीच्या वर कापायचं, खाली हात न्यायचा नाही.

गेल्या महिन्यात रविवारी डुकराचं तळलेलं चिचारोन खाल्लं आणि उजव्या बरगडीखाली असं दुखलं, की पेटीतल्या द्राक्षांची मला पहिल्यांदाच दया आली. सोनोग्राफीत सतरा खडे (ते सोळा म्हणत होते, मी पुन्हा मोजायला लावले). पित्ताची पिशवी काढायची ठरली, आणि काढणार कोल्केबाई, त्यांचं एकटीनं करायचं पहिलंच ऑपरेशन. मी आधी पेटीवर परीक्षा घेतली. चार मिनिटं दहा सेकंदांत अख्खं द्राक्ष, रसाचा थेंब नाही. ते द्राक्ष खाऊन मी बाईंना पास केलं.

ऑपरेशनच्या सकाळी आमच्या बायकोनं, बेनितानं, माझ्या डोक्यावर मूठभर टिकल्या उधळल्या. मुख्य नर्स एउलोखियाबाई म्हणाल्या, "हा ऑपरेशनला आलाय की वरातीला?" आणि त्यावरच टोपी दाबून बसवली. पुढचं त्यांनीच सांगितलं. मी बेशुद्ध, पोट हवेनं टम्म, दुर्बीण आत, पडद्यावर पिशवी, आणि कोल्केबाईंचा हात थांबला तो थांबलाच. देखरेखीला उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडायला सुरी मागवली. तेव्हा कोल्केबाई हळूच म्हणाल्या, "टिकली कुठंय?" एउलोखियाबाईंनी माझ्या टोपीत हात घातला, लाल टिकली शोधली आणि पाण्याचं बोट लावून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवली. सुरी परत गेली. बेचाळीस मिनिटांत पिशवी बाहेर. खडे अठरा निघाले, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

आपला,
फाउस्तो

ता. क. ताई लिहिते, तुम्हालाही खडे आहेत आणि तीन वर्षं तुम्ही नुसता बोल्दोच्या पानांचा काढा पिताय. गुरुवारी या. कोल्केबाईंना सांगून ठेवलंय. टिकल्या घरून आणा, लालच.

ता. क. दुसरा. सांताक्रूझ शहरातून इस्पितळाच्या सामानाचा एक विक्रेता येऊन गेला. पेटी लगेच हवी होती, फक्त काच स्वच्छ करून. तुमचं ऑपरेशन व्हायचंय म्हणून नाही म्हणालो. चौदा हजार बोलिव्हियानो देत होता.