घासून लख्ख केलेल्या तीन पट्ट्या

तीर्थस्वरूप आईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? रागाने तरातरा जिना उतरलात तेव्हा तो अजिबात दुखत नव्हता, म्हणून मुद्दाम विचारतो. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे तुमची लेक माझ्याशी फक्त "वाढलंय" एवढंच बोलते. तुम्ही परत आल्याशिवाय दुसरा शब्द मिळेल असं दिसत नाही.

झालं ते पुन्हा सांगतो, कारण त्या दिवशी मी सांगितलं कमी आणि ओरडलो जास्त. प्रयोगशाळेतून स्टीलच्या सहा पट्ट्या मी फोटो काढायला घरी आणल्या होत्या. ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे ॲसिडच्या टाकीत बुडवून वीज सोडलेल्या. त्याने वर एक पातळ थर चढतो, सोनेरी-निळा दिसतो, आणि गंज अडवतो तो हाच थर. (हे कळायला मला दोन महिने लागले होते, तुम्हाला मात्र एका किंकाळीत कळावं अशी माझी अपेक्षा.) तुम्हाला वाटलं, जावयाने काहीतरी करपवून ओट्यावर टाकलंय. मी आंघोळ करून येईपर्यंत लोखंडी तारेच्या घासणीने तीन पट्ट्या अशा लख्ख केल्यात की त्यांत माझं पडलेलं तोंड स्वच्छ दिसलं. वर "डाग भारी चिवट होते हो," म्हणालात!

नव्या पट्ट्या करायला वेळ नव्हता. जीव मुठीत धरून सहाही गंज तपासायच्या, मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी उघडली तर रंगीत पट्ट्या जशाच्या तशा, आणि तुम्ही घासलेल्या तिन्ही तांबूस ठिपक्यांनी भरलेल्या. आता नोकरी गेलीच असं धरून साहेबांना खरं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसून पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. मग म्हणाले, तुलनेला थर नसलेल्या पट्ट्या लागतातच, त्या ठेवायला तू विसरला होतास; तुझ्या घरात कुणाला तरी अक्कल आहे म्हणायची.

कळावे,
तुमचा जावई

ता. क. साहेबांना आणखी सहा पट्ट्या तशाच घासून हव्यात. इथे आम्ही हात मोडेपर्यंत घासलं, जेमतेम एक कोपरा निघाला. तेव्हा रविवारी याच.

ता. क. २. पट्ट्यांचं नुसतं निमित्त. त्या मशीनवर घासून झाल्यासुद्धा. तुम्ही नसलात की घर खायला उठतं. मी तुमच्यावर ओरडलो, ते चुकलं. माफ करा.

ता. क. ३. वरची माफी माझी मीच लिहिली आहे. तुमच्या लेकीने वाचून "चुकलं"च्या आधी एक शब्द घालायला सांगितलाय. तिथे जागा नाही, म्हणून इथे लिहितो: फारच.